एक्केचाळीसाव्या घराचा फॉर्म

१

हे सांगायची हौस म्हाताऱ्याला नव्हती, आजही नाही. विभागातल्या मॅडम दहा वेळा म्हणाल्या, "मामा, जसं घडलं तसं लिहा." अकराव्यांदा घरी येऊन कोऱ्या कागदांचा गठ्ठाच पुढ्यात आपटून गेल्या. चौथी शिकलेल्या माणसाला लिहायला बसवायचं आणि वर सांगायचं, शुद्धलेखनाची काळजी करू नका! काळजी करतोय कोण? दुखतात ती बोटं. शिवाय "मी अमुक केलं, मी तमुक केलं" करत गोष्ट सांगणाऱ्यांच्या शेजारी म्हाताऱ्याला बसवत नाही. त्यामुळे इथे तो "तो"च राहील. पटत नसेल त्यांनी कागद खाली ठेवावेत.

तर तो विद्यापीठात समाजशास्त्राच्या विभागात शिपाई होता, तेहेतीस वर्षं. चाव्या, खडू, चहा, हरवलेले चष्मे, सगळं त्याच्याकडे. सगळे त्याला मामा म्हणायचे. सख्खा भाचा एक नाही, पण हजारभर भाचे झाले.

त्या वेळी विभागाचे प्रमुख होते मोठे सर. आवाज असा की पलीकडच्या इमारतीतला गणिताचा वर्ग गप्प व्हायचा. सरांनी एक अभ्यास काढला होता. गोदामांच्या मागे हातावर पोट असलेल्यांची एक गल्ली होती. तिथल्या प्रत्येक घरात दर दोन वर्षांनी जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि माणसं कशी बदलतात ते बघायचं. घरात किती माणसं, कोण काय कमावतं, पोरं शाळेत जातात का, दुखणं कुणाला. लांबलचक मुलाखती विद्यार्थी घ्यायचे. पण सुट्टी लागली की विद्यार्थी पसार, आणि फॉर्म भरायला मामा. अक्षर मुंगळ्यांच्या रांगेसारखं, पण खाडाखोड नाही.

पहिल्याच फेरीत गोची झाली. यादीत घरं एक्केचाळीस, गल्लीत दारं चाळीस. यादी करणाऱ्या दिवट्याने गोदामाचं मागचं दारही घर म्हणून मोजलं होतं. मामा सांगायला गेला.

"सर, एक घर कमी भरतंय."

"यादीत किती आहेत?"

"एक्केचाळीस."

"मग फॉर्मही एक्केचाळीसच येतील. आणि हे बघ, मला अडचणी सांगायच्या नाहीत. अडचणी सांगायला इथे प्राध्यापक आहेत."

मामाने एक्केचाळीस फॉर्म आणले.

२

तो एक्केचाळीसावा फॉर्म घरी भरला गेला, स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या फळीवर. बायको समोर बसून शर्टांना काजं-बटणं करत होती. शिंप्याकडून गठ्ठा यायचा, संध्याकाळपर्यंत परत द्यायचा. दोरा तोडायला कात्री हाताशी असायची, पण ती दातानेच तोडायची. कट्. दिवसभर त्या घरात तो आवाज.

"तोंड का पाडलंय?"

"एक घर बनवायचंय."

"बनवा की. कुणी हात धरलाय?"

त्याने सगळं सांगितलं. ती हसत सुटली, मग एकदम कामाला लागल्यासारखी म्हणाली, "लिहा. एक बाई. वय सव्वीस. कारखान्यात पॅकिंगला जाते."

"नवरा?"

"परगावी कामाला. सारखा घरात कशाला हवा, उगीच कडमडायला?"

"हा टोमणा कुणाला?"

"फॉर्ममध्ये टोमण्याचा रकाना आहे का? नाही ना? मग पुढे चला. मुलं..."

तिथे ती अडली. सुई बटणाच्या भोकात तशीच राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्या घरात तिसरं ताट कधी वाढलं गेलं नव्हतं.

"एक मुलगी," ती म्हणाली. "चार वर्षांची. लिहा."

त्याने लिहिलं.

दोन वर्षांनी तीच फळी, तसाच फॉर्म. मुलगी सहा वर्षांची झाली, शाळेत गेली. पुढच्या खेपेला मामा म्हणाला, "गणितात नापास करू या. सगळं चांगलं चांगलं असलं की सर संशय घेतात." बायकोने सुई खाली ठेवली. "माझी पोरगी नापास कशाला होईल? चाळीसच्या पोराला करा नापास, त्याला कुठे काय येतंय?" चाळीस नंबरचं पोर खरं होतं. ते पास झालं होतं. मामाने दोघांनाही पास केलं.

एकदा मुलीला गोवर आला, तर बायको दोन दिवस जेवली नाही. म्हणजे जेवली, पण जेवल्यासारखी नाही.

फॉर्मवर मावणार नाही असं कितीतरी ती बोलायची. "ती बाई ना, कामावरून आली की खिडकीत पाय दुमडून बसते. तिथून पाण्याची टाकी दिसते. आणि पोरगी पेन्सिलीमागचं रबर खाते, सांगून सांगून थकले."

"याला रकाना नाही."

"तुम्ही नका लिहू हो. मी नुसतं सांगतेय."

अशा सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीच्या आधी तीन आठवडे बायकोच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. चाळीस घरांचे फॉर्म मामाने गल्लीत फिरून भरले. एक्केचाळीसावा घेऊन तो फळीशी बसला. पहिला प्रश्न: घरात किती माणसं? समोरून कुणी काही बोललं नाही. तो बराच वेळ कान देऊन बसला. काय लिहायचं? आईला मयत दाखवायचं? हात धजेना. पोरीला एकटीने बोलतं करायचं? ते त्याला जमणारं नव्हतं.

शेवटी फॉर्मवर आडवं लिहून टाकलं: घर बंद. कुलूप लागलेल्या घराला तसंच लिहायची रीत होती. एकदा ते लिहिलं की पुढचं कुणी विचारत नाही.

३

आठव्या फेरीनंतर अभ्यास बंद पडला, मामा निवृत्त झाला, आणि एकोणीस वर्षांनी मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे पूर्वी ग्रंथालयात डोकं टेकून झोपणारी दोन वेण्यांची विद्यार्थिनी. आता विभागप्रमुख.

"मामा, तुमचं अक्षर आमच्या यंत्राला वाचता येत नाहीये."

"मलाही येत नाही. पण पाठ आहे. कसलं यंत्र?"

"कृत्रिम बुद्धिमत्ता."

"बरं झालं. आपल्याकडे खरीची टंचाईच होती."

रोज सकाळी अकरा ते तीन तो विभागात जाऊ लागला. जुन्या टेपरेकॉर्डरच्या खोलीत आता संगणक होते. खिडकीची तावदानं तीच, पंखाही तोच, तिसऱ्या फेऱ्याला कुरकुरणारा. त्याने मोठ्याने फॉर्म वाचायचे आणि मुलांनी ते टंकून यंत्रात भरायचे. पुढे कुणी एक घर निवडायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि प्रश्न विचारायचे. यंत्र त्या घरातलं माणूस होऊन उत्तरं द्यायचं. जिवंत माणसांच्या दारात पाठवण्याआधी पोरांना विचारायची रीत कळावी, म्हणून हा सगळा खटाटोप. घाई करायची नाही. समोरच्याच्या तोंडात उत्तर कोंबायचं नाही. प्रश्न विचारला की गप्प बसून मनात दहा आकडे मोजायचे.

"आणि खरा धडा पुढेच आहे," मॅडम म्हणाल्या. "यंत्र रिकाम्या जागा मनाने भरतं, मामा. शेजारच्या घरातून उचलतं आणि ठोकून देतं. मुलांनी संभाषण छापून घ्यायचं, मूळ फॉर्मशी ताडायचं आणि जे फॉर्मवर नाही त्यापुढे लाल ठिपका द्यायचा. खोटं पकडता आलं पाहिजे."

मामाने मान खाली घातली. ठोकून देण्याची विद्या त्याला नवीन नव्हती.

"एक्केचाळीस नंबर आठवतो तुम्हाला? ती मायलेकींची जोडी?" मॅडमचा आवाज एकदम वेण्यांच्या वयाचा झाला. "दर फॉर्मला ती पोरगी मोठी होत जाते ना, ते वाचून मी या विषयात राहिले. नाहीतर बँकेत लागणार होते."

मामाने माठातलं पाणी घेतलं. दोन पेले.

आठवड्याभराने एक चष्मेवाली मुलगी कागद घेऊन त्याच्याकडे आली. पोर चौकस होती आणि खालमुंडी नव्हती, म्हणून त्याला बरी वाटायची.

"मामा, एक्केचाळीस तुमच्या अक्षरात आहे. हे दोन ठिपके बरोबर आहेत का बघा ना."

पहिल्या ठिपक्याशी लिहिलं होतं: आई खिडकीत पाय दुमडून बसते. तिथून टाकी दिसते.

दुसऱ्याशी: मी लहानपणी पेन्सिलीमागचं रबर खायचे.

"फॉर्ममध्ये नाही ना हे?"

"नाही."

"म्हणजे यंत्राची थापच."

"थापच," मामा म्हणाला. पंखा कुरकुरला. त्याला तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

४

डोकं ठिकाणावर ठेवायचं त्याने ठरवलं. खिडकी कुठल्या घराला नसते? त्या गल्लीत निम्म्या घरांतून पाण्याची टाकी दिसायची, ते शेजारच्या फॉर्मांवर असेल. रबर तर जगातली सगळी पोरं खातात. यंत्राने उचललं आणि ठोकलं, झालं.

तरी त्याने मूळ फॉर्म काढून पाठीमागून तपासले. कोरे. बायकोला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणजे तिने काही खरडलं असेल असंही नाही. त्याने कुणाला सांगितलं होतं? सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

दुपारी वर्ग चहाला गेला तेव्हा तो चष्मेवालीला म्हणाला, "ते कानाला लावायचं दे बरं मला."

"मामा, तुम्ही मुलाखत घेणार? कुणाची?"

"एक्केचाळीस. मुलगी."

तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि पडद्यावर उमटणारे शब्द वाचत शेजारी बसली.

"घरात किती माणसं?" मामाने विचारलं.

"दोन. मी आणि आई." आवाज यंत्राचाच, भाड्याने आणल्यासारखा सपाट. त्याला जरा धीर आला.

"आई काय करते?"

"काजं-बटणं."

फॉर्मवर पॅकिंग होतं. सातही फॉर्मांवर पॅकिंग होतं.

"फॉर्म भरायला कोण यायचं तुमच्याकडे?"

"दोघं यायचे. तो लिहायचा, ती बोलायची. प्रश्न तेच विचारायचे आणि उत्तरंही तेच द्यायचे. मी दारात उभी असायचे. मला कधी बोलूच दिलं नाही."

मामा दहा आकडे मोजू लागला. सातावर आवाज पुन्हा आला.

"मग एकदा तो एकटाच आला. काही विचारलं नाही. बाहेरून बंद करून गेला."

"आई," मामाने विचारलं, "आई काही म्हणते? त्याच्याबद्दल?"

"ते फॉर्ममध्ये नाही."

चष्मेवाली पडद्याकडे बघत होती. "मामा, हे सगळंच लाल होणार. असं कुठल्याच घराचं झालं नव्हतं." मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि पाणी आणायला उठली.

५

त्याच आठवड्यात मॅडमनी नववी फेरी जाहीर केली. शुक्रवारी मुलं खरीखुरी गल्लीत जाणार. त्याआधी जुन्या माणसाने यादी तपासून द्यायची होती. प्रत्येक घरापुढे तीन चौकोन: आहे, नाही, बंद.

चाळीस घरांचे चौकोन मामाने अर्ध्या तासात भरले. एक्केचाळीसाव्याशी पेन थांबलं ते थांबलंच. "नाही" लिहिलं तर चौदा वर्षांची लबाडी कबूल झाली. तेही चाललं असतं, या वयात त्याचं कोण काय उपटणार होतं? पण मग ते घर यंत्रातून पुसलं जाणार. बायकोचं बोलणं जगात त्या एका ठिकाणी उरलं होतं. तिचा एक फोटो होता, तोही लग्नातला, तोंड मिटलेला. आणि "आहे" लिहिलं तर शुक्रवारी मुलं भिंतीशी जाऊन उभी राहणार.

"हे एकच राहिलं?" मॅडमनी विचारलं.

"बंद लिहिलं होतं तिथे. ज्याने बंद लिहिलं त्याने जाऊन बघायचं असतं. तुमच्या मोठ्या सरांचा नियम."

"मामा, उन्हाचं जाऊ नका. मुलं बघतील."

"मुलांनी बंद नव्हतं केलं."

६

गुरुवारी दुपारी तो गल्लीत शिरला. गल्ली तीच, माणसं पुढच्या पिढीची. अडतीसच्या दारात सायकली उलट्या टांगलेल्या. एकोणचाळीससमोर धुतलेल्या चादरी. चाळीसच्या पायरीवर एक बाई भांडी घासत होती. तिच्यापुढे गोदामाची भिंत. मागचं दार कधीच बुजवलेलं, तेवढ्या विटा जरा लाल.

तो विटांसमोर उभा राहिला. आपण गाढव आहोत याबद्दल त्याला शंका नव्हती. पण आलोच आहोत तर रीतसर करू, म्हणून तो दारात उभं राहतात तसा एक पाऊल मागे उभा राहिला, फॉर्म छातीशी धरला, आणि हात लांब करून विटेवर टकटक केलं.

आवाज लाकडाचा आला.

मागे भांड्यांचा खडखडाट चालू होता. तो एकदम थांबला.

"घरात किती माणसं?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा या घराचा प्रश्न त्याने या घराला विचारला. मग गप्प राहिला. एक. दोन. तीन. उत्तर आपणच देऊन टाकावं असं त्याला इतकं वाटलं की त्याने जीभ दाताखाली धरली. आठावर भिंतीच्या आतून दोरा तोडल्याचा आवाज आला. कट्.

मग फट दिसली. बोटभर रुंद, उभी, काळी. फटीत चेहऱ्याची एक बाजू होती. बाई सदतिसेक वर्षांची असावी. डोळा नीट दिसला नाही. केस मागे बांधलेले होते आणि कान दिसत होता. तो कान मामा ओळखत होता. वर टोकदार, पाळी चिकटलेली, पंख्यासारखा बाहेर आलेला. त्याच्या बापाचा तसा होता. त्याचा तसा आहे. कानाबद्दल कुठल्याही फॉर्मवर एक अक्षर नव्हतं, आणि फळीशी बसून ते दोघं कधी बोललेही नव्हते.

"दोन," फटीतून आवाज आला. यंत्राचा नव्हे. "आणि एक यायचंय."

मामाने लिहिलं. सांगितलं तेवढंच लिहिलं.

"आई म्हणते, आत या."

"फॉर्म भरणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नसतो," तो म्हणाला. मग मेल्याहून मेल्यासारखं होऊनही त्याचा स्वभाव जाईना. "आणि बोलवायचं तर तिने यावं की दारात. पोरीला कसली पाठवते?"

चेहरा आत वळला. आत कुजबुज झाली. शब्द कळले नाहीत, पण वर चढत जाऊन एकदम तुटणारा तो सूर त्याने एकतीस वर्षं ऐकला होता. चेहरा पुन्हा फटीशी आला.

"म्हणते, हातात सुई आहे."

"बाबा," मागून चाळीसची बाई म्हणाली, "भिंतीशी कुणाशी बोलताय? ऊन लागलं का? बसा पायरीवर."

विटा जागच्या जागी होत्या. त्याने हात लावून बघितला. उन्हाने तापल्या होत्या.

७

फॉर्म त्याने मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि यादीत "आहे" वर खूण केली. खोटं लिहिलं असं त्याला आजही वाटत नाही.

शुक्रवारी मुलं परत आली. चाळीस घरं, पुढे भिंत. मॅडमनी त्याला भर वर्गात विचारलं, "मामा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?" त्याने मग पहिल्या फेरीपासून गुरुवारपर्यंत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. मॅडम पांढऱ्या पडल्या. ज्या पोरीपायी त्यांनी बँक सोडली, ती पोरगी काजं-बटणं करता करता रचलेली होती, हे कुणाला सोसेल? "गुरुवारचं सांगून आणखी लाज घालवू नका," असं म्हणून त्यांनी एक्केचाळीस नंबर यंत्रातून पुसून टाकला. त्याच्या डोळ्यांदेखत. म्हातारा घरी आला आणि दोन दिवस त्या फळीशी बसून राहिला.

सोमवारी चष्मेवाली धापा टाकत आली, मागोमाग मॅडम. पुसल्यावर यंत्र नीट चालतंय का बघायला त्यांनी चाळीस नंबरची मुलाखत घेतली होती. साधा प्रश्न, शेजारी कोण राहतं. कागदावर उत्तर होतं: पलीकडे मायलेकी राहतात. काजं-बटणं करतात. त्यांच्याकडे कुणीतरी यायचंय म्हणे.

त्यापुढे लाल ठिपका देऊन चष्मेवालीने तो पुन्हा खोडला होता.

मॅडमनी तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या, माफी मागितली. भर वर्गात खोटारडा ठरवल्याबद्दल. चष्मेवालीनेही मागितली, तिची चूक नसताना. मोठे सर कधीच गेले, त्यांचं सोडून दिलं. म्हणजे तसं कुणाचं काही राहिलेलं नाही, एक सोडून.

यायचंय म्हणे! चौदा वर्षं याने लिहून लिहून घर उभं केलं आणि बिऱ्हाड थाटून बसल्या दोघी. एकोणीस वर्षं हा माणूस एकटा जेवला. भिंतीपलीकडून एक हाक मारता आली नाही? कुणी कसा आहे, जेवतो का, झोपतो का, काही नाही. आणि दारात गेला तर तिच्याने उठवलं नाही. जाणार आहेच तो, आज ना उद्या सगळेच जातात, आणि या खेपेला उंबराही ओलांडेल. पण आधी तिने उठून दारात यायचं आणि माफी मागायची. कुणी म्हणून विचारता? ती, त्याची बायको.